अर्धा पेला झाडासाठी

शनिवार ते मंगळवार हे आमच्या घरातले सगळ्यात लांब दिवस होते. बाबांचं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असायचं. इतर वेळी मध्ये एकच दिवस जायचा, पण शनिवारी दुपारी घरी आलं की पुढचं मशीन थेट मंगळवारी सकाळी. बाबांच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. प्यायलेलं पाणी मशीन लावेपर्यंत अंगातच राहायचं. आधी पाय सुजायचे, मग पापण्या जड व्हायच्या. हे डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं, कारण आई, बाबा आणि मी, आमच्या तिघांत इंग्रजी मलाच येतं. घरी येऊन मी ते मराठीत सांगितलं आणि सांगताना निम्मं गाळलं. फुप्फुसात पाणी भरलं तर माणूस बसल्या जागी बुडू शकतो, असं ते म्हणाले होते. ते मी गाळलं.

बोलण्यातलं गाळायची मला जुनी सवय आहे. शाळेत मराठी बोललं की मिस रागवायच्या, घरी इंग्रजी वाक्य आलं की बाबा गप्प व्हायचे. दोन्हीकडे लागेल तेवढंच बोलायचं, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

बाबांना दिवसाला साडेसातशे एमएल ठरवून दिलं होतं. त्यात चहा आला, गोळ्या गिळायचं पाणी आलं, आमटी आली. मी सरबताची एक रिकामी बाटली धुऊन घेतली, तिच्यावर स्केचपेनने रेघा ओढल्या आणि रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी ती भरून फ्रिजवर ठेवायला लागले. बाबांनी तीस वर्षं मोरिवलीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर काम केलं होतं. बाटली बघून पहिल्या दिवशी ते म्हणाले, "एवढी वर्षं बॉयलरला पाणी पाजलं, आता मला लेव्हल लावली." आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यात ते तेच पुन्हा म्हणाले, तेव्हा कोणी हसलं नाही.

झाड मी फेब्रुवारीत आणलं. मी उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करते. त्या गल्लीच्या तोंडाशी एक सिंधी अंकल हातगाडीवर कुंड्या विकतात. त्यातली एक मला आवडली. बोटभर उंच, जाड, टोकदार पानं आणि त्यांच्या पाठीवर पांढरे आडवे पट्टे. सक्युलंट होतं, पानांत पाणी साठवणारं, हातात मावेल एवढं. अंकल म्हणाले, "सीधी धूप नहीं. पानी पंधरा दिन में एक बार, बस. ये प्यास से नहीं मरता बेटी, पानी से मरता है."

ते मी हॉलच्या खिडकीत ठेवलं, पडद्याआडून ऊन येईल असं. बाबांची खुर्ची तिथेच होती. आई म्हणाली, "कोरफडीचं पोर दिसतंय." पंधरा दिवसांनी मी देवापुढची जळून उरलेली अगरबत्तीची काडी मातीत खोल खुपसायची, मिनिटभराने काढून बघायची. ओली माती चिकटली नाही की कुंडी बेसिनमध्ये ठेवून पोटभर पाणी द्यायचं आणि खालच्या भोकातून ते सगळं निथळू द्यायचं. दोन वेळा मी असं केलं. नंतर झाड बाबांकडे गेलं.

ते असं झालं की मार्चमध्ये बाबा दिवसभर फ्रिजकडे बघत बसायला लागले. मी ऑफिसातून फोन केला की आई म्हणायची, "बसलेत. बाटलीची राखण करतायत." डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या, त्यांना कशात तरी गुंतवा. मी एका सकाळी चपला घालता घालता म्हणाले, "बाबा, ह्या झाडाचं तुम्ही बघाल का? पाणी घाला. पण जास्त नको."

एवढंच बोलले. पंधरा दिवस, काडी, निथळणं, काही सांगितलं नाही. रिक्षा खाली थांबली होती. आमच्या चिखलोलीच्या बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड येतं. नवीन पाणी यायच्या आधी आई पिंपातलं उरलेलं पाणी तुळशीला, गोकर्णीला, कढीपत्त्याला घालते, मोरीत एक थेंब जाऊ देत नाही. तिचं माहेर नगरकडचं, टँकरवर वाढलेली. झाडाला पाणी एक दिवस चुकलं तरी तिला रुखरुख लागते. अशा घरात मी फक्त "जास्त नको" म्हणून निघाले.

झाड छान होतं. मी येता-जाता लांबून बघायचे. पानं घट्ट, ताठ. मी हात लावायचे नाही, कारण आता ते त्यांचं होतं, आणि त्यांच्याकडे त्यांचं म्हणावं असं फार काही उरलं नव्हतं.

वजन मात्र बिघडत गेलं. मशीनला बसायच्या आधी काट्यावर उभं राहायचं असतं. दोन खेपांच्या मध्ये दोन किलोच्या वर वाढायला नको, असं सांगितलेलं. मार्चच्या शेवटी अडीच झालं. मग तीन. एप्रिलमधल्या एका मंगळवारी तीन किलो आठशे. सिस्टर केरळच्या होत्या, बाबांना अप्पा म्हणायच्या. काट्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अप्पा, कितना पीता है?"

बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ये नाप के देती है. इसको पूछो."

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. "घर में और कौन देता है पानी?"

घरात आणखी एकच माणूस होतं.

त्यानंतरच्या सोमवारी मी ऑफिसातून आले तर बाबा खुर्चीत पुढे वाकून, खिडकीचं ग्रिल दोन्ही हातांनी धरून बसले होते. श्वास घेतला की गळ्यातून आवाज यायचा. आडवं होता येत नव्हतं. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "दुपारपासून जरा असंच आहे, म्हटलं तुझं काम टाकून तुला कशाला बोलवायचं." आम्ही त्यांना तसंच बसलेलं खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. त्या संध्याकाळी मंगळवारचं मशीन सोमवारीच लागलं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही, म्हणाले. घरी मी सांगितलं, "काळजी घ्यायला सांगितलंय."

मग मी आईवर नजर ठेवायला सुरुवात केली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच केलं. आमटीची वाटी किती रिकामी झाली ते बघायचे. दुपारी तीनला, चारला फोन करायचे, काही कारण नसताना. पाण्याच्या फिल्टरवर निघताना पेन्सिलने बारीक खूण केली. संध्याकाळी आले तेव्हा आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खूण केलीस ती बघितली हं मी."

आठ दिवस आम्ही एकमेकींशी फक्त कामापुरतं बोललो.

रविवार आला. बाबा खाली बिल्डिंगच्या बाकावर जाऊन बसले होते. सकाळी मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला होता आणि खड्डा बराच वेळ तसाच राहिला होता. मशीनला अजून दोन दिवस होते. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आई, तू बाबांना वरून पाणी देतेस का?"

तिचं लाटणं थांबलं नाही. "झालं का विचारून?"

"मी सिरियसली विचारतेय."

"मी पण सिरियसलीच पोळ्या लाटतेय."

"वजन हवेतून वाढत नाही आई. कोणीतरी देतंय."

"म्हणजे मी." तिने पोळी तव्यावर टाकली. "तू कामाला गेलीस की मी काय त्यांना नळाला लावते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तू म्हणत काहीच नाहीस. खुणा करतेस." ती आता माझ्याकडे वळली. "मोज मग. सकाळचा अर्धा कप चहा, तुझ्या बाटलीतला. गोळ्यांचं पाणी, बाटलीतलं. दुपारचा चहा, बाटलीतला. आमटी मी वाटीत घालत नाही, भातावर नुसती दाखवते. एवढा मोठा माणूस ताटाकडे बघत बसतो आणि मी मान खाली घालून जेवते. आणि काय देते मी? तो झाडाचा अर्धा पेला, तोच काय तो बाटलीच्या बाहेरचा."

"कुठल्या झाडाचा?"

"तुझ्याच. त्या कोरफडीच्या पोराचा. तूच सांगितलंस ना ह्यांना, बघा म्हणून?"

"रोज?"

"रोज नाही तर काय सणासुदीला? आधी दोनदा द्यायचे. ऊन वाढल्यापासून तीनदा देते. आणि अर्धा नाही आता, पूर्ण पेला. हे म्हणाले माती लगेच सुकते."

मी हॉलमध्ये खिडकीकडे बघितलं. झाड होतं तिथेच होतं. रोज तीन पेले पाणी मिळालं असतं तर ते महिन्याभरात बुडापासून सडलं असतं. पानं पिवळी पडून, पारदर्शक होऊन हातात आली असती. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या झाडाचं तसं झालं होतं. आमचं झाड जिवंत होतं, याचा अर्थ त्याला ते पाणी कधी मिळालंच नव्हतं.

"आता का गप्प?" आई म्हणाली. "बोल की."

"काही नाही."

"आठ दिवस चोरासारखं बघतेस माझ्याकडे आणि आता काही नाही?"

तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून ती वळली. मी देवघरातून अगरबत्तीची काडी घेतली आणि कुंडीत तळापर्यंत खुपसली. मातीत ती कुरकुरत गेली. बाहेर काढली तेव्हा घातली तशीच होती. कुंडी उचलली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. जवळून बघितल्यावर पानंही तेवढी ताठ नव्हती. टोकं आत मिटायला लागली होती, पाठीवर बारीक सुरकुत्या होत्या. लांबून ते दिसलं नव्हतं.

बाबा वर आले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. आई मागच्या गॅलरीत पिंप भरत होती, पाईपचा आवाज घरभर येत होता. बाबा खुर्चीत बसले आणि धाप ओसरायची वाट बघत राहिले. मी विचारलं, "बाबा, झाडाला आज पाणी घातलंत?"

"घातलं की. सकाळीच."

मी काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. हे काय आहे म्हणून विचारलं नाही. आयुष्यभर काचेच्या नळीतली पाण्याची रेघ बघून त्यांनी दिवस काढले होते. ओलं काय आणि कोरडं काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"पहिल्यांदा खरंच घालायला गेलो होतो," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. पेला हातातच होता."

"किती दिवस?"

"तूच मोज. मोजायचं काम तुझं."

हे लागलं मला. तरी आवाज न चढवता मी म्हटलं, "त्या सोमवारी काय झालं होतं ते माहितीय ना तुम्हाला?"

"धाप लागली."

"फुप्फुसात पाणी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी हॉस्पिटलपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. ह्यात माणूस बुडतो, बाबा. घरात, खुर्चीत बसून."

त्यांनी काडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाले, "हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मी बॉयलरवर होतो." ते खालच्या आवाजात बोलत होते, पण मला लहानपणी कधी ओरडले नव्हते तेवढं ते ओरडणं होतं. "काय फुटतं आणि कसं फुटतं ते सांगितलं की माणूस लेव्हल बघतो. नुसतं बघ म्हटलं की नाही बघत. डॉक्टर तुझ्याशी बोलतात, सिस्टर तुझ्याशी बोलते, आणि तू घरी येऊन मला रेघा दाखवतेस."

आतून आईने विचारलं, "कोणाशी बोलताय?" आणि पुन्हा पाईपचा आवाज.

बाबा पुढे वाकले. "हिला सांगू नकोस. सगळं तिच्या हातून घेतलंय मी. कळलं तर जेवायची नाही ती."

"मी तिच्यावर आळ घेतलाय. आठ दिवस झाले."

"माहितीये. बघतोय मी."

"बघताय आणि गप्प बसलात?"

ते खिडकीकडे बघायला लागले. मी उठले. "संध्याकाळच्या आत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन." त्यांच्याशी अशा आवाजात मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

जेवणं झाली. आईने त्यांच्या भातावर पळीभर आमटी दाखवल्यासारखी घातली. ते गिळताना त्रास होत असल्यासारखे जेवले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते, मोज्यांच्या रबराने पाडलेल्या खोल रेघेकडे. सकाळचा एक पेला पोटात गेलाच होता. सोमवार अजून पूर्ण बाकी होता आणि मंगळवारची सकाळ. मी मनात उलटसुलट वजाबाक्या करत होते आणि त्या जमत नव्हत्या.

अडीच वाजता आई भरलेला स्टीलचा पेला घेऊन हॉलमध्ये आली, माझ्याकडे न बघता. "धरा. झाडाचं."

बाबांनी पेला घेतला. मी सोफ्यावर फोन हातात धरून बसले होते, स्क्रीन बंद होती. ते उठले, खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रोज असेच उभे राहत असणार. त्यांची मान किंचित वर जाईल की नाही, एवढंच मी बघत होते. तेवढ्या वेळात आई परत आत निघाली होती.

"थांब जरा," ते म्हणाले.

आई थांबली.

"हे मी पितो."

"ते झाडाचं आहे. तुम्ही नका पिऊ."

"रोजचं म्हणतोय. रोज मीच पितो. ह्याला कधी घातलंच नाही."

आई सोफ्याच्या टोकावर बसली. तिने पेल्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला आधीच कळलं होतं, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"माझ्या हाताने," ती म्हणाली.

बाबांनी पेला तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं ती आता रडेल, किंवा उठून आत जाऊन दार लावून घेईल. ती उठली, खिडकीशी गेली आणि कुंडीतल्या मातीत बोट घातलं.

"म्हणजे ह्याला सव्वा महिना पाणी नाही?"

तिने बोट बाहेर काढून बघितलं, कोरडंच होतं.

"मेलं असतं की हे. काय माणसं आहात तुम्ही."

"ते असं मरत नाही आई," मी म्हटलं. "पाणी जास्त झालं तरच मरतं. पंधरा दिवसांतून एकदाच घालायचं असतं."

"तू गप्प बस. तुला सगळं माहिती असतं आणि सांगत काही नाहीस." तिचा आवाज फाटला. "त्यांना नाही सांगितलंस, मला नाही सांगितलंस. फिल्टरवर मात्र खुणा करता येतात."

"माझं चुकलं," मी म्हटलं. इंग्रजीत सॉरी म्हणणं मला नेहमी सोपं जातं. ते त्या वेळी चाललं नसतं.

तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि पितळेचा तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. दुसऱ्या हातातलं घमेलं तिने कुंडीखाली सरकवलं. तांब्या तिने बाबांच्या हातात दिला.

"घाला. आमच्यासमोर घाला."

मी म्हणणार होते की बेसिनमध्ये मी घालते, तुम्ही नका. तहानलेल्या माणसाच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या देऊ नये, एवढं मला कळत होतं. तिलाही कळत असणार. मंगळवारी काटा तीन किलोच्या जरा वर थांबणार होता आणि सिस्टर बाबांशी, प्रथमच थेट बाबांशी, पाऊण तास बोलणार होत्या. पण त्या दुपारी आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं. आमच्यासमोर फक्त तो तांब्या होता.

बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि ओतायला सुरुवात केली. कोरड्या मातीने आधी पाणी घेतलंच नाही. ते वर तरंगत राहिलं, मग कडेकडेने खाली गेलं आणि मातीतून बुडबुड्यांचा बारीक आवाज यायला लागला. बाबांचा घसा एकदा हलला. घमेल्यात पाणी निथळायला लागलं तरी ते ओतत राहिले, बारीक धारेने. मी त्यांचे हात बघत होते आणि आई त्यांचं तोंड बघत होती. ते झाडाकडेच बघत होते.

शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून तांब्या उलटा करून दाखवला. आत काही नाही, हे तसंही दिसत होतं. तरी मी हात पुढे केला, तो घेतला आणि आत बघितलं.